हार्लोचं दक्षिण टोक

विनयार्ड, १४ मार्च २०१६

लायल,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस आणि मागाहून जॅनेल सांगते की बाबांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. म्हणून आपलं हे कागद-पेन.

इकडे सगळं ठीक. ग्लेंडाचा गुडघा कुरकुरतो, ग्लेंडा त्याहून जास्त. सफरचंदं यंदा बरी आली. मी अजून रोज समुद्राकाठानं पाऊण तास चालतो. त्याला चालणं म्हणायची आपल्याला लाज वाटली असती एके काळी.

जॅनेल म्हणाली, क्लबच्या पन्नाशीसाठी तू शिखरांवरच्या जुन्या नोंदवह्या उतरवून काढायला घेतल्यास. शाबास! इतकी वर्षं माथ्यावरच्या बरण्यांत त्या वह्या पावसाशी भांडल्या आणि भरल्यावर खाली येऊन क्लबच्या कपाटात कुजत बसल्या. कोणीतरी करायलाच हवं होतं, आणि सुतारकामाच्या मास्तरापेक्षा चिकट माणूस कुठं मिळणार? वाचताना मजा येत असेल. 'दृश्य: शून्य. जळवा: चौदा.' 'नवरा खालीच थांबला. तो शहाणा आहे.' असलं काय काय लिहितात लोक.

ती असंही म्हणाली की हार्लोची वही जानेवारीत भरून खाली आली आणि तू आता तीच घेणार आहेस. लायल, तेवढी एक मला दे ना. डोळे माझे अजून शाबूत आहेत. ती वही एकोणनव्वद सालची, ओल लागलेली असणार, अक्षरं फुटलेली असणार, तू उगाच डोळे फोडून घेशील. आणि हार्लो म्हणजे आपलं दोघांचं शेवटचं शिखर. एकतीस वर्षं, एकशे त्रेचाळीस डोंगर, आणि तिथं यादी संपली. त्या मायेपोटीच मागतोय.

तसं तुला त्यात बघण्यासारखं काही नाहीच. त्या दिवशी आपल्याला बरणी सापडली नव्हती, आठवतं ना? वहीत आपली नोंदच नाही. नोरीननं चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दगडाखाली ठेवलं होतं, तेवढंच.

तर जॅनेलच्या हाती पाठव. ती ईस्टरला इकडे येणार आहे म्हणे. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

मर्व्ह


विनयार्ड, २९ मार्च

लायल,

तुझं कार्ड मिळालं. 'वही देत नाही. हातात घेतलेलं काम मी दुसऱ्याला देत नाही. १९९४ पर्यंत आलो. तुला एवढी काळजी कसली?'

खाई त्याला खवखवे, दुसरं काय. तू आज ना उद्या त्या पानावर पोचणारच, तर माझ्या तोंडून आधी ऐक.

२७ फेब्रुवारी १९९८. त्या तारखेला वहीत माझं नाव आहे. एकट्याचं.

आपण तिघं, तू, मी आणि नोरीन, ८ फेब्रुवारीला गेलो होतो, तो उत्तरेचा माथा. त्या जुन्या मोजणीवाल्यांनी तिथं दगडांची एवढी थोरली रास रचली आहे की कोणीही फसेल. त्यांनी ती रचली खालच्या दरीतून दिसावी म्हणून. सर्वांत उंच आहे म्हणून नव्हे. खरं टोक दक्षिणेचं. मध्ये खिंड, आणि पलीकडे तो ओबडधोबड सुळका. जेमतेम चार मीटरनं उंच. बरणी तिकडे होती, म्हणून आपल्याला सापडली नाही.

मागाहून नवा नकाशा बघताना हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी जाऊन ते टोक शिवून आलो. तुला सांगायचंच होतं. पण तोवर क्लबमध्ये आपल्यासाठी जेवण झालं होतं, भाषणं झाली होती, यादी पुरी करणाऱ्यांच्या त्या ह्यूऑन पाइनच्या फळीवर तू स्वतः आपली दोघांची नावं कोरली होतीस. सबंध हॉलला त्या लाकडाचा वास येत होता. आणि नोरीन किती खूष होती! मग वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढं तिचं दुखणं निघालं, आणि मग ते बोलायचं राहूनच गेलं.

चार मीटर, लायल. माझ्या घराच्या छपराएवढेही नाहीत. आपल्या वयात असल्या गोष्टीवर हसावं माणसानं.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

मर्व्ह


विनयार्ड, १७ एप्रिल

लायल,

दोन ओळी लिहायला तुला तेरा दिवस लागले, पण काय दोन ओळी! 'तो नवा नकाशा २००३ साली निघाला. पहिल्या छपाईची प्रत माझ्या कपाटात आहे. ९८च्या फेब्रुवारीत तुला कसं कळलं?'

पत्र ओट्यावर ठेवून मी मागच्या अंगणात गेलो आणि कोबीच्या वाफ्याशी उगाच उभा राहिलो. ग्लेंडा खिडकीतून म्हणाली, "काय झालं? पांढराफटक पडलायस." मी म्हटलं, "लायलचं पत्र." ती म्हणाली, "बरा आहे ना?" मी म्हटलं, "तो बरा आहे."

आता सगळं लिहितो. नकाशाचं खोटं होतं. नकाशा नव्हताच. मी त्या दिवशी, तिथंच, डोळ्यांनी बघितलं होतं.

तुला आठवतं, शेवटच्या चढावर मी मागे पडलो होतो? धुक्यात तुम्ही दोघं दिसेनासे झालात. बुटात पाणी शिरलं होतं, म्हणून मी एका दगडावर बसलो. आणि धुकं फाटलं. आठ-दहा सेकंद असेल. डावीकडे खिंडीपलीकडे दक्षिणेचं टोक उभं होतं, ओलं, काळं, आणि आपल्यापेक्षा उंच. शंकेला जागाच नव्हती. एकशे बेचाळीस डोंगर केल्यावर माणसाला वर काय आणि खाली काय एवढं कळतं. मग धुकं पुन्हा मिटलं.

मी वर आलो तर तू त्या राशीपाशी हात काखेत घालून उभा होतास. पिवळ्या रेनकोटात नोरीन तुझ्या पाठीमागे वारा चुकवत बसली होती. ती म्हणाली, "मर्व्ह, तुझ्या मेहुण्याला वेड लागलंय. वीस मिनिटं झाली इथं येऊन आणि दगडाला हात लावत नाहीये. म्हणतो, मर्व्ह आल्याशिवाय नाही."

आणि तू म्हणालास, "ये रे म्हाताऱ्या, गोठलो आम्ही! दोघांनी एकदम शिवायचं. एक, दोन..."

आणि मी हात ठेवला. तुझ्या हाताशेजारी. मूग गिळून.

मग तू बरणी शोधायला लागलास. राशीभोवती तीन फेऱ्या मारल्यास. म्हणालास, "अरे, बरणी कशी नाही? बरणी नाही म्हणजे काय?" बरणी नाही म्हणजे हा माथाच नव्हे, हे तुझ्या मनात आलं होतं. मी बघितलं तुझ्या तोंडाकडे. दोन मिनिटं मी गप्प राहिलो असतो तर तुला कळलंच असतं. पण मी म्हणालो, "वाऱ्यानं उडाली असेल. मागच्या हिवाळ्यात कसलं वादळ झालं होतं!" आणि तू विश्वास ठेवलास. कारण मी म्हणालो होतो.

नोरीनचे ओठ निळे पडले होते, हे खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, बहिणीसाठी गप्प बसलो म्हणून. पण मी तेव्हा नुसतं बोललो असतो, तर तू काय केलं असतंस हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला खाली नेलं असतंस, गरम चहा पाजला असतास, आणि पुढच्या शनिवारी माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवला असतास. म्हणून नोरीनचं नाव मध्ये आणणं हा निव्वळ पळपुटेपणा.

खरं कारण सांगायला मला अठरा वर्षं लागली, तर अजून एक ओळ थांब.

मला आनंद झाला होता, लायल. ते टोक दिसलं तेव्हा. एकतीस वर्षं मी तुझ्या बुटांच्या टाचा बघत चाललो. वाट तू काढायचास, नकाशा तुझ्या हातात, तंबू कुठं लावायचा ते तू ठरवायचास. 'लायल आणि मर्व्ह'. कधी 'मर्व्ह आणि लायल' असं कोणी म्हटल्याचं आठवतं तुला? तू कधी मिरवला नाहीस. मिरवला असतास तर बरं झालं असतं, मला चिडता तरी आलं असतं. त्या दगडावर बसलो असताना एकच विचार आला: हा एक माझा. मला ठाऊक आहे आणि लायलला नाही.

एकोणीस दिवसांनी गेलो. ग्लेंडाला सांगितलं, ट्राउट धरायला तळ्यावर जातोय. दक्षिण टोक शिवलं, बरणी उघडली, नाव लिहिलं. तिथं बसून पावाचा तुकडा खाल्ला. हवा इतकी स्वच्छ होती की पार फ्रेंचमन्स कॅपचा डोंगर दिसत होता. सांगायला शेजारी कोणी नव्हतं. यादी माझी संपली होती आणि तिथं मला तासभरही बसवलं नाही.

आता राहिलं ते सर्वांत वाईट.

परत येताना मी उत्तरेच्या राशीकडे वळलो आणि दगडाखालचा पुठ्ठा काढून घेतला. दुसऱ्या कोणाला सापडला तर बभ्रा होईल, लायल आणि मर्व्ह चुकीच्या टोकावर नाचून आले म्हणून हसतील, आणि मग तू विचारायला लागशील. म्हणून उचलला.

दोन वर्षांनी, नोरीन गेल्यानंतर, तू मला काय विचारलं होतंस ते मी विसरलो असेन असं समजू नकोस. तुझा खुबा नुकताच बदलला होता, काठी घेऊन तू माझ्या स्वयंपाकघरात बसला होतास. म्हणालास, "मर्व्ह, एक काम करशील? हार्लोवर तिच्या हातचा तो पुठ्ठा आहे. मला जाता येत नाही. असला तर घेऊन ये."

तू हे बोलत होतास तेव्हा तो पुठ्ठा तुझ्यापासून दहा पावलांवर होता. माझ्या खणात, मोज्यांखाली.

तो तेव्हाच देऊन टाकायला हवा होता. 'आणला बघ वरून' म्हटलं की झालं! पण पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. दोन हिवाळे त्या माथ्यावर काढलेला पुठ्ठा असा नसतो, आणि तू तो हातात घेताक्षणी ओळखलं असतंस. म्हणून मी गाडी काढली, डोंगराच्या पायथ्याशी गेलो, गाडीतच बसून राहिलो आणि परत आलो. म्हणालो, "शोधला रे. नाही मिळाला." तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. "कुजला असेल," म्हणालास. "तू गेलास हेच खूप."

सोबत पाठवतोय. तुझ्याच सुतारी पेन्सिलीनं लिहिलंय तिनं: 'लायल आणि मर्व्ह यांनी आज यादी संपवली. केक मी आणला. मी पुन्हा येणार नाही. नोरीन.'

क्षमा कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो.

मर्व्ह


विनयार्ड, २० जून

लायल,

नऊ आठवडे तुझं उत्तर नाही. रोज साडेदहाला टपालाच्या पेटीशी जाऊन उभा राहायचो. शेजारीण विचारायला लागली, प्रेमात पडलात की काय म्हणून.

शनिवारी क्लबच्या हिवाळी जेवणाला यायला माझे पाय निघत नव्हते. ग्लेंडाच म्हणाली, "पन्नासावं वर्ष आहे, नाही कसं जायचं?" आणि आत आल्या आल्या फळी दिसली. तू ती भिंतीवरून उतरवून घरी नेली होतीस म्हणे. अकरा नावं होती त्यावर. आता दहा. माझ्या नावाच्या वरची जागा तू रंधा मारून इतकी गुळगुळीत केली होतीस की दिवा तिथंच चमकत होता.

मला वाटलं होतं, तू माझं नाव काढशील. देवाशप्पथ, मी त्याची तयारी करून आलो होतो.

मटण खाऊन झाल्यावर तू उठलास. लोकांना वाटलं वह्यांबद्दल बोलणार. तू म्हणालास, "माझं नाव काढलंय. हार्लोचं खरं टोक मी शिवलेलं नाही. मी उत्तरेच्या राशीवरून परत आलो. चूक माझी आहे. बरणी सापडली नाही तेव्हाच मी विचार करायला हवा होता. माझे एकशे बेचाळीस." आणि बसलास.

टाळ्या पडल्या. आयव्हर अध्यक्ष ना, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाला, "याला म्हणतात क्लबचा माणूस! कोणी तपासायला येत नाही, कोणी पुरावा मागत नाही, शब्दावर चाललंय आपलं सगळं." आणि मग सहज, काही मनात न ठेवता, त्यानं विचारलं, "पण मर्व्ह तर तुझ्याबरोबरच होता. मग त्याचंही काढायला हवं, नाही का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागलो होतो, लायल. हे तरी खरं मान. म्हणणार होतो, हो, काढा, आणि का काढायचं तेही सांगतो.

तू बसल्या जागेवरून म्हणालास, "नाही. मर्व्हचं खरं आहे. तो एकोणीस दिवसांनी परत गेला होता. वहीत नोंद आहे, मी स्वतः उतरवली."

बस्स, एवढंच. आवाज नाही चढवलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस. लोकांना समजायला थोडा वेळ लागला. मग एकेक काटा-चमचा थांबत गेला. कोणीतरी हळूच म्हणालं, "एकटा गेला?" आणि दुसरं कोणीतरी, "पण जेवण तर दोघांचं आधीच..." आणि मग सगळे पाव्हलोव्हाकडे वळले. केकवर इतकं लक्ष मी कधी बघितलं नाही.

तू नियमाला धरून बोललास. जो शिवला तो शिवला. माझं नाव खरं म्हणून तू ते तिथं ठेवलंस. आता आयुष्यभर ती मोकळी जागा माझ्या डोक्यावर. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोसल्या असत्या रे.

गाडीत ग्लेंडा डेव्हनपोर्टपर्यंत पर्सची चेन लावत-काढत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू घरी दोन ट्राउट आणले होतेस. मी लोण्यात तळले. नोरीन आणि लायल जेवायला होते."

"हो."

"कुठून आणलेस?"

"विकत घेतले."

ती म्हणाली, "मर्व्ह, तो त्या माशाचं किती कौतुक करत होता." आणि काचेबाहेर बघत बसली. अजून नीट बोलत नाही.

मला एकच सुचतं. दक्षिण टोकाची वाट मला ठाऊक आहे. तुझा खुबा आता चालतो म्हणे, जॅनेल म्हणाली तू वेलिंग्टनच्या डोंगरावर दर रविवारी जातोस. उन्हाळ्यात चल. सगळं ओझं मी घेतो, तंबू, जेवण, तुझी झोपायची पिशवी, सगळं. तू फक्त चाल. एकशे त्रेचाळीस पुरे कर आणि त्या फळीवर पुन्हा नाव कोर. तेवढं मला करू दे.

मर्व्ह


विनयार्ड, २१ फेब्रुवारी २०१७

लायल,

परवाच आपण बरोबर होतो, आणि दोन दिवसांत तू माझ्याशी शंभर शब्द बोलला असशील. म्हणून पुन्हा पत्र. हे शेवटचं.

जॅनेलचा फोन आला तेव्हा मी लहान पोरासारखा नाचलो होतो. तिनं आधीच बजावलं होतं, "मर्व्हमामा, बाबा जायचं म्हणतायत. तुम्हाला वाट दाखवायला बोलावलंय, गप्पा मारायला नाही. समजून या." मी म्हटलं, समजलो. तरी मनात होतं, डोंगरात गेल्यावर निवळेल. आजवर आपलं कुठलंही भांडण दुसऱ्या दिवसाच्या चहापर्यंत टिकलं नव्हतं.

तू 'पाणी' म्हणालास, 'डावीकडे?' म्हणालास, तंबूचा खुंटा मागितलास. माझं ओझं किती आहे ते बघून जॅनेलला म्हणालास, "त्याच्याकडचं थोडं घे, तो मरेल." रात्रभर मला त्या वाक्याचाच आधार होता. तुझा खुबा झुडपांच्या रानात किती दुखत होता ते मला मागून दिसत होतं. प्रत्येक पाय उचलताना तू आधी थांबत होतास. एकदाही परत फिरू म्हणाला नाहीस.

खिंडीत हवा लख्ख होती. शेवटचे तीस मीटर राहिले तेव्हा जॅनेल आणि मी थांबलो. रीतच आहे ती, ज्याचं शेवटचं शिखर त्यानं एकट्यानं पुढं जायचं, बाकीच्यांनी मागे बसायचं. जॅनेलनं कॅमेरा काढून ठेवला होता. मी टोपी काढली. का ते विचारू नकोस.

तू पाठमोरा होतास, म्हणून सांगतो, आम्हाला काय दिसलं. तू त्या शेवटच्या दगडापाशी पोचलास. हात लांब केला असतास तर पुरला असता. तू काठी खाली ठेवलीस. मग उत्तरेच्या राशीकडे बघत उभा राहिलास, कितीतरी वेळ. जॅनेल माझ्या कानात म्हणाली, "आई तिथंच बसली होती ना?" मी मान हलवली. मग तू काठी उचललीस आणि खाली आलास.

जॅनेल धावली. "झालं?"

"नाही."

"अहो बाबा! एवढं आलो! एक हात लावायचा..."

तू तिच्याकडे बघून नाही बोललास. माझ्याकडे बघून बोललास. वर्षभरात पहिल्यांदा. "मर्व्ह मागे बसलेला असताना नको."

रागानं म्हणाला नाहीस. दमला होतास. तेच मला जास्त लागलं. मी काहीतरी पुटपुटलो, मी खाली जातो, खिंडीपलीकडे जातो, तू शीव. तू म्हणालास, "आता पाय नाही उचलत, चला." आणि आपण उतरलो.

काल दिवसभर मी विचार केला. माझी समजूत अशी होती की तुला तिथवर मी पोचवलं की फिटलं. म्हणजे बघ, तेव्हासुद्धा मला माझंच काहीतरी वर नेऊन संपवायचं होतं. तुझा तो एक डोंगर मी एकदा चोरला आणि आता पुन्हा त्यावर जाऊन बसलो होतो, टोपी हातात घेऊन, तू मला मोकळं करशील म्हणून.

तर ऐक. मार्चमध्ये आठवडा-दहा दिवस वारा पडतो, तेव्हा जॅनेलबरोबर जा. तुम्ही दोघंच. माझा हलका तंबू आणि दोरी कालच बसनं पाठवली आहे, वापरल्यावर परत करायची नाही. पहिल्या दिवशी ओढ्याच्या वळणावरच मुक्काम कर, वरच्या गवताळ जागेचा मोह नको, तिथं पाणी उन्हाळ्यात आटतं. खिंडीत पोचल्यावर उजवीकडे सोपी वाट दिसेल, ती घेऊ नकोस. ती स्कोपारियाच्या काट्यांत नेऊन सोडते, ९८ मध्ये मी तिथं दीड तास घातला आणि पँट फाडून घेतली. डाव्या कड्याच्या पायथ्याला चिकटून जा, तीन मोठे सपाट दगड लागतील, तिसऱ्यावर खुब्याला जरा विसावा दे. तिथून वर हाताला धरायला चांगलं आहे. जॅनेलला मागे राहू दे.

मी कुठं असेन ते विचारात घेऊ नकोस. मी इथं असेन, कोबीला पाणी घालत. कोणत्या दिवशी निघताय तेही सांगू नका, जॅनेललाही तसं लिहिलंय, म्हणजे मी हवेकडे बघून अंदाज बांधत बसणार नाही. बांधीन म्हणा. पण मला कळणार नाही.

आणि शिवलास तरी मला कळवू नकोस. बरणीत नवी वही आहे, तिच्यात लिही. आधीची भरायला सव्वीस वर्षं लागली. ही भरून खाली येईल तेव्हा ती वाचायला मी नसेन.

मर्व्ह